मोटारीतला चोरकप्पा

मोटारीत एक भिंत असते, हे मला परवापरवापर्यंत ठाऊक नव्हतं. दारं असतात, खिडक्या असतात, छप्पर असतं, हे पाहिलं होतं. भिंतीचा विचार कधी मनात आला नव्हता. पण ती असते. पुढे इंजिन, मागे आपले पाय आणि दोघांच्या मध्ये उभा पत्रा. इंजिनाने उद्या पेट घेतलाच तर आग थेट आपल्या पायांशी येऊ नये, एवढ्यासाठी. मेकॅनिक लोक तिला फायरवॉल म्हणतात. लग्न झाल्यापासून मी गाडीत बाजूच्या सीटवर बसून या भिंतीकडे पाय करून प्रवास केला आणि तिची साधी चौकशीही केली नाही. आता तिचे, आणि ती नव्याने उभी करायला ज्यांनी हातभार लावला किंवा अडथळा आणला, त्या सगळ्यांचे आभार मानावेत म्हणून लिहायला बसलो आहे. हातभार लावणारे आणि अडथळा आणणारे बहुतेक तेच आहेत.

बाजूच्या सीटवर अशासाठी, की गाडी मी चालवत नाही, बायको चालवते. लोक विचारतात, "तुम्ही नाही शिकलात?" मी म्हणतो, "एका घरात एक ड्रायव्हर पुरे." त्यावर ही म्हणते, "आणि एक सूचना देणारा."

गाडी सासऱ्यांची. तिच्यासारख्या गाड्या आता फक्त जुन्या फोटोंत, कुणाच्या तरी आजोबांच्या कोपराखाली दिसतात. सासूबाई गेल्यावर सासरे आमच्याकडे राहायला आले, तेव्हा आम्ही त्यांना पुढच्या खोलीतली कॉट दिली. पण पुढच्या खोलीतली कॉट कधी कुणा एकाची नसते. तिच्यावर इस्त्रीचे कपडे बसतात, पाहुणे बसतात, हरवलेली पावती शोधताना घरातले सगळे बसतात. घर दोन खोल्यांचं. मग सकाळचा चहा झाला की सासरे वर्तमानपत्र काखेत मारून खाली आवारात जात, गाडीचं दार उघडून बाजूच्या सीटवर बसत आणि दार लावून घेत. आपल्यामागे दार लावून घेता येणं ही केवढी चैन आहे, हे दोन खोल्यांत राहणाऱ्यालाच कळेल. नजर अधू झाल्यापासून त्यांनी स्टिअरिंगवर बसणं सोडलं होतं. ती सीट लेकीची, असं त्यांचं म्हणणं. त्या गाडीत ते पेपर वाचत, डुलकी काढत, कुणी भेटायला आलं तर आतूनच पलीकडचं दार उघडून म्हणत, "या, बसा."

गाडी एव्हाना बंद पडली होती, पण त्याने त्यांचं काहीच अडत नव्हतं. अडलं ते सोसायटीच्या सेक्रेटरींचं. 'आवारात चालू स्थितीतील वाहनेच उभी राहतील, बाकीची महिनाअखेर भंगारात दिली जातील,' असा ठराव त्यांनी सभेत मांडला, आणि सभेत एक आवाज उठला, "गाडी चालू होईल!" एवढं धाडस कुणी केलं म्हणून मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. बोललो मीच होतो.

हे धाडस मी का केलं, ते सांगतो. गाडी गेली असती तर सासऱ्यांची खोली गेली असती. शिवाय घरात त्या दिवसांत माझी पत फारशी बरी नव्हती. सासऱ्यांना मधुमेह. हिने घरातली साखर कुलपात घातली, बिस्किटांवर बंदी आणली, त्यांच्या कोटाचे खिसे आणि उशीचा अभ्रा तपासला, तरी रक्तातली साखर दर तपासणीला होती तिथेच. घरात माणसं तीन. एक रुग्ण, एक तपासणारी. उरलो मी. "तूच देतोस त्यांना चोरून," असं ही उघड म्हणायची आणि सासरे शेजारी बसून माझ्याकडे अशा करुणेने बघायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, हा गृहस्थ जावयाला पाठीशी घालतोय. मी त्यांना उभ्या जन्मात बडीशेपसुद्धा दिलेली नव्हती.

मेकॅनिकने गाडीच्या नाकाचं झाकण उघडलं, आत डोकं घातलं आणि बाहेर येऊन म्हणाला, "इंजिन गेलं." त्याचा स्वर असा की मी नकळत टोपी काढायला डोक्याकडे हात नेला, मी टोपी घालत नाही. मग त्यानेच आशा दाखवली. एका बेकरीची मोडीत निघालेली व्हॅन होती, तिचं इंजिन धडधाकट होतं. ते आलं. ते अंगाने चांगलंच भरलेलं निघालं. आयुष्य बेकरीत गेलं, त्याला ते तरी काय करणार? आमच्या गाडीच्या नाकात ते बसेना. वीतभर मागे सरकायला जागा मागू लागलं.

"मग भिंत कापून मागे घ्यावी लागेल," मेकॅनिक म्हणाला आणि त्याने ती कापून माझ्या हातात दिली.

सेक्रेटरी वरून बघत होते. "भिंत म्हणालात का? आवारात भिंत घालायची तर सभेचा ठराव लागतो."

"मोटारीच्या आतली आहे हो," मी म्हणालो.

"मोटार कुठे आहे? आवारात. मग?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडून अर्ज लिहून घेतला. तो पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर शेवटून दुसरा आहे.

नवी भिंत करायची तर आधी पुठ्ठ्याचा नमुना लागतो. पुठ्ठा तळमजल्यावरच्या काकूंनी दिला. गाडी त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच उभी असल्यामुळे या कामावर त्यांची देखरेख पोळ्या लाटता लाटता चालू होती. फ्रिजचं खोकं त्यांनी जपून ठेवलं होतं, ते खिडकीतून देताना म्हणाल्या, "काम झालं की परत हवं हं." खोकं कापायचं आहे हे त्यांना सांगण्याची हिंमत मला झाली नाही. मी गाडीत उताणा पडून, पाय बाहेर काढून, पुठ्ठ्यावर पेन्सिल फिरवू लागलो. जाणारा-येणारा माझ्या पायांशी बोलू लागला.

त्यात वरच्या मजल्यावरचे बंबवाले होते. अग्निशमन दलातून निवृत्त झाले, पण आग अजून त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. "एक भोक ठेवू नका," ते माझ्या डाव्या बुटाला म्हणाले. "टाचणीएवढं भोक असलं तरी आग आत येते. मी पाहिलंय."

"स्टिअरिंगचा दांडा जायला भोक हवं," मेकॅनिक उजव्या बुटाकडून म्हणाला. "ब्रेकची नळी, क्लचची वायर, लाइटच्या वायरी, झालंच तर हिटरचे पाइप..."

"हिटर कशाला? स्वेटर घालावा."

एकाला भिंत हवी होती, दुसऱ्याला चाळणी. दोघांचा मान राखून मी भोकं काढली, पण लहान काढली. ती कुणाच्याच उपयोगाची नव्हती, हे नंतर कळलं.

पत्र्याचं काम करणारा गाठायचा म्हणून मी चौकशी केली, तर सगळ्यांनी एकाच माणसाचं नाव घेतलं. तो पोलादी कपाटं करायचा. दुकानात पाऊल टाकलं की आठदहा कपाटांच्या आरशांत आपण एकदम दिसतो आणि कुठल्याही कोनातून बरे दिसत नाही. कपाटवाल्याने माझा पुठ्ठा हातात घेतला, उलटासुलटा केला आणि विचारलं, "घरचं की ऑफिसचं?"

"मोटारीचं."

"मोटारीला कपाट?"

"कपाट नाही, भिंत."

"कपाट म्हणजे काय? पाच भिंती आणि एक दार. तुम्हाला त्यातली एकच हवीय. होईल. आरसा?"

आरसा मी नाकारला. जुनी कापलेली भिंत मापासाठी बरोबर नेली होती. तिच्यावर टिचकी मारून तो कान लावून ऐकत राहिला. "असा पत्रा आता येत नाही हो," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत असं काही दिसलं की मला उदार व्हावंसं वाटलं. "ठेवा तुम्हालाच," मी म्हणालो. आयुष्यात मी फार थोड्या वेळा उदार झालो आहे, आणि प्रत्येक वेळी ते नडलं आहे.

पहिली भिंत आली ती देखणी होती. कडा अशा गोल वळवलेल्या की तान्ह्या मुलाच्या हातात द्यावी. मेकॅनिकने ती गाडीत धरली, काढली, पुन्हा धरली आणि माझ्याकडे बघितलं. "स्टिअरिंग कुठल्या बाजूला आहे?" त्याने विचारलं. मी नमुना काढला होता गाडीत पडून, आतून. कपाटवाल्याने पत्रा कापला बाहेरून. त्यामुळे सगळी भोकं पलीकडच्या बाजूला गेली होती. ही गाडी चालवायची तर हिला सासऱ्यांच्या मांडीवर बसावं लागलं असतं. पुठ्ठ्यावर मी मोठ्या अक्षरांत 'वरची बाजू' असं लिहिलं होतं. 'आतली बाजू' लिहायचं सुचलं नव्हतं.

ती पहिली भिंत काकूंनी खोक्याच्या बदल्यात ठेवून घेतली. त्यांच्या खिडकीवर ऊन-पावसासाठी ती आता छज्जा म्हणून बसवली आहे आणि स्टिअरिंगच्या भोकातून त्यांचं मांजर खाली आमच्या गाडीत काय चाललंय ते बघतं. छज्जा छान झाला म्हणून काकू अजून मला लिंबं देतात. माझ्या हातून बिघडलेल्या कामाचं एवढं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं.

दुसऱ्या भिंतीच्या वेळी मात्र मी पुठ्ठ्यावर इतक्या सूचना लिहिल्या की कपाटवाल्याने त्या वाचल्याच नाहीत. पण भोकं जागच्या जागी आली. बंबवाल्यांनी आतून दाबलेल्या लोकरीच्या नमद्याचा जाड थर लावून घेतला, प्रत्येक भोकाला रबरी कडं बसवून घेतलं आणि समोर काडी ओढून 'ठीक' असा निर्वाळा दिला. तेवढ्यात मला बाजूच्या सीटपुढे, गुडघ्यांच्या उंचीवर, भिंतीला जोडलेलं एक लहानसं दार दिसलं. दाराला कुलूप होतं.

"हे काय?"

"चोरकप्पा," कपाटवाला म्हणाला.

"मी कुठे सांगितला होता?"

"सांगावा लागत नाही. चोरकप्प्याशिवाय आमच्या दुकानातून पत्रा बाहेर जात नाही. वडिलांपासूनची रीत आहे." आणि त्याने खिशातून तारेत ओवलेल्या दोन किल्ल्या काढल्या. "एक वापरायची, एक ठेवणीतली."

मी तो कप्पा काढायला लावणार होतो. पण मागे उभ्या असलेल्या सासऱ्यांनी पुढे होऊन दोन्ही किल्ल्या घेतल्या, कप्पा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. "असू दे," ते म्हणाले. "राहू दे तो." त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. दोन्ही किल्ल्या त्यांच्या चष्म्याच्या घरात गेल्या.

इंजिन सुरू झालं त्या दिवशी अख्खं आवार गोळा झालं. ते तापल्यावर बिस्किटांचा वास येतो, असं काकूंचं म्हणणं आहे. मला येत नाही, पण मी त्यांच्याशी वाद घालत नाही, लिंबं बंद होतील. हिने गाडी आवारात एक चक्कर फिरवली. सासरे शेजारी ताठ बसले होते. सेक्रेटरींनी टाळी वाजवली आणि लगेच म्हणाले, "नवं इंजिन सरकारी दफ्तरी चढल्याशिवाय मी हे वाहन मानणार नाही."

म्हणून आम्ही तिघं गाडी घेऊन वाहन तपासणीच्या मैदानावर गेलो. मी मागच्या सीटवर, मांडीवर कागदपत्रं. कागदांच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये. मी विमा कंपनीत नोकरी करतो आणि दिवसभर लोकांच्या अर्जांतल्या चुका काढतो. समोर उभ्या असलेल्या गृहस्थाला, 'कागदाप्रमाणे आपण हयात नाही,' असं मी अत्यंत नम्रपणे सांगू शकतो.

इन्स्पेक्टरही नम्र होते. त्यांनी इंजिन पाहिलं, दिवे पाहिले, ब्रेक पाहिले. मग पातळ कागद आणि पेन्सिल काढली. "चेसिस नंबर कुठे आहे? ठसा घ्यायचाय."

चेसिस नंबर म्हणजे गाडीच्या पाटीवरचा नंबर नव्हे. कारखान्यातून निघताना गाडीच्या अंगावर ठोकून काढलेला तिचा जन्मखुणेसारखा आकडा. तो खोडायचा नसतो, हलवायचा नसतो. त्यावर कागद धरून पेन्सिल घासली की तो उमटतो आणि ही तीच गाडी असं सिद्ध होतं. मी मेकॅनिकला फोन लावला.

"तो जुन्या भिंतीवर होता ना," मेकॅनिक म्हणाला. "तुम्ही विमा ऑफिसात आहात. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

इन्स्पेक्टरांना मी परिस्थिती समजावून दिली. ते दुःखी झाले. "गाडी छान आहे हो," ते म्हणाले. "पण कागदाप्रमाणे ही गाडी नाही. नंबर नसलेली गाडी मला सोडता येत नाही, बेवारस म्हणून इथेच ठेवून घ्यावी लागेल." मैदानाच्या कोपऱ्यात तशा गाड्यांची रांग होती. त्यांच्या खिडक्यांतून गवत बाहेर आलं होतं. सासरे त्या रांगेकडे बघत राहिले. त्यांनी आतून दाराची कडी घट्ट धरली. मला त्या क्षणी खरोखर रडू आलं. मी कपाटवाल्याला फोन लावला.

"तो जुना पत्रा आहे का हो?"

"नाही. वापरला."

"कुठे वापरला?"

"म्हणजे काय? तुमच्याच कामात!" तो चिडला. "तुमचा पत्रा मी दुसऱ्याच्या कपाटाला लावीन होय? चोरकप्पा कशाचा केला मग, हवेचा? तळाला आहे तो. आकडे होते त्यावर, ते आतल्या अंगाला घेतले, बाहेरून बरे दिसत नव्हते."

मी फोन ठेवला आणि ओरडलोच, "चोरकप्प्यात आहे! भिंतीलाच आहे! बाबा, किल्ली!"

सासरे समोर बघत म्हणाले, "घरी राहिली."

चष्म्याचं घर त्यांच्या खिशात होतं आणि ते किणकिणत होतं. हिलाही ऐकू गेलं. "बाबा," ती म्हणाली, "गाडी ठेवून घेतायत. किल्ली द्या."

त्यांनी एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा कोपऱ्यातल्या गवताकडे पाहिलं. मग हळूच चष्म्याचं घर उघडलं, तारेतून एक किल्ली सोडवली आणि स्वतःच्या हाताने कप्पा उघडला.

आत पेपरमिंटं होती. पांढरी, गोल, काठोकाठ. इन्स्पेक्टरांना तळ दिसेना, म्हणून त्यांनी आपली टोपी काढली आणि ओंजळीओंजळीने पेपरमिंटं तीत ओतली. मग त्यांनी आत हात घालून कागद दाबला, पेन्सिल घासली, आणि आकड्यामागून आकडा उमटत गेला.

"नंबर भिंतीवर असला पाहिजे असा नियम आहे," ते कागद उजेडात धरून म्हणाले. "हा कप्पा भिंतीला कायमचा जोडलेला आहे. म्हणजे नंबर भिंतीवर आहे. वर पेपरमिंटं नसावीत, असं कुठे म्हटलेलं नाही." आणि त्यांनी शिक्का मारला. तो माणूस मोठ्या हुद्द्यावर जावा, अशी मी रोज प्रार्थना करतो.

ही टोपीकडे बघत होती. मला वाटलं, आता बाबांची धडगत नाही. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे हा देत नव्हता." मग किल्ली उचलून पर्समध्ये टाकली, पेपरमिंटं इन्स्पेक्टरांच्या ऑफिसात वाटून टाकली आणि गाडी सुरू केली. आवारात वळताना तिने माझ्याकडे आरशातून बघितलं आणि म्हणाली, "चुकलं माझं." लग्नानंतर हे वाक्य मी प्रथमच ऐकत होतो, म्हणून "काय म्हणालीस?" असं विचारून पाहिलं. तिने ते पुन्हा म्हटलं नाही.

सेक्रेटरींनी शिक्का तपासला, भिंगातून तपासला आणि गाडी मानली.

संध्याकाळी सासऱ्यांनी मला गाडीत बोलावलं. पलीकडचं दार आतून उघडून म्हणाले, "या जावईबापू, बसा." मी स्टिअरिंगसमोर बसलो, प्रथमच. त्यांनी चष्म्याचं घर उघडलं आणि तारेसकट दुसरी किल्ली माझ्या तळहातावर ठेवली.

"कपाटवाला दोन देतो," ते म्हणाले. "इतके दिवस फुकट बोलणी खाल्लीत. आता निदान कारणाने खा."

या गृहस्थांनी मला मुलगी दिली, तेव्हासुद्धा असा विश्वास दाखवला नव्हता. मी किल्ली मुठीत धरली आणि मला फार बरं वाटलं, हे कबूल करतो. पण नंतर काळजी लागली. एकीकडे सासऱ्यांची साखर, एकीकडे बायकोचा विश्वास, तोही नुकताच मिळालेला. शेवटी डॉक्टरांना गाठून विचारलं, "एखादं पेपरमिंट चालेल का हो?" ते म्हणाले, "एखादं म्हणजे एक. दिवसातून. कालच तुमच्या मिसेसनी हेच विचारलं."

हे दुसरं वाक्य माझ्या डोक्यात शिरलंच नाही. एक चालेल, एवढंच ऐकून मी बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांचा चहा चालू असताना मी एक पेपरमिंट खिशात घालून खाली उतरलो. काकूंचं मांजर भोकातून बघत होतं, त्याच्याकडे पाठ केली आणि कप्पा उघडला. आत स्वच्छ धुतलेल्या रुमालाची घडी होती. घडीवर एक पेपरमिंट होतं.

मी ते ठेवलं नव्हतं. चोरकप्प्याच्या किल्ल्या दोनच, आणि एक माझ्या हातात होती. मी वर पाहिलं. ही गॅलरीत कपडे वाळत घालत होती आणि गाडीकडे न बघण्याची शिकस्त करत होती.

मी माझं पेपरमिंट माझ्याच तोंडात टाकलं आणि कप्प्याला कुलूप लावलं. एवढ्यात सासरे वर्तमानपत्र घेऊन आलेच. त्यांनी गॅलरीकडे चोरटी नजर टाकली आणि पुटपुटले, "ठेवलंत?"

"आहे," मी म्हणालो, आणि किल्ली त्यांच्या हातात दिली.

ते आत बसले आणि त्यांनी दार लावून घेतलं.